४२९४९६७२९५ या संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकाच्या प्रोग्रॅमशी झटापट केलेल्या प्रत्येकाला ही संख्या कधी ना कधी भेटते. बहुतेक जण तिला ‘बत्तीस बिटांची कमाल मर्यादा’ (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढं एक घर) एवढ्याच नावानं ओळखतात आणि पुढे निघून जातात. मला मात्र ती गणितातल्या सर्वांत देखण्या संख्यांपैकी एक वाटते. १६४० सालापासून आजवर एका विशिष्ट जातीच्या पाचच मूळ संख्या माणसाला सापडल्या आहेत. त्या पाचही हिच्या पोटात आहेत, आणि प्रत्येक फक्त एकदा.

खाली ‘^’ ही खूण घातासाठी वापरली आहे. २^५ म्हणजे २ चा पाचवा घात, अर्थात ३२.

ही संख्या वाचायची कशी, आणि ती येते कुठून?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव. स्वल्पविराम देऊन लिहिली तर ४,२९,४९,६७,२९५.

ती २^३२ − १ आहे. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर ओळीनं बत्तीस वेळा १ येतो, मध्ये एकही शून्य नाही. षोडशमान पद्धतीत, म्हणजे सोळाच्या पायात, पंधरासाठीचं ‘एफ’ हे अक्षर आठ वेळा येतं, आणि चारच्या पायात सोळा वेळा ३. म्हणजे या पद्धतींत ती आपल्या ९९९९ सारखी दिसते: सगळी घरं काठोकाठ भरलेली, आणखी एक मिळवला की नवं घर उघडणार.

ती मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटी ५ आहे, तेवढ्यावरच निकाल लागतो. अंकांची बेरीज ५७ येते, म्हणून तिला ३ नंही भाग जातो, पण ९ नं जात नाही.

मग तिचे मूळ अवयव कोणते? हाताने काढता येतात का?

येतात, आणि एकदा तरी कागदावर काढून पाहावेत. शाळेतलं एकच सूत्र लागतं: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी.

२^३२ − १ = (२^१६ + १) × (२^१६ − १) = ६५५३७ × ६५५३५
६५५३५ = २५७ × २५५
२५५ = १७ × १५
१५ = ५ × ३

म्हणून ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७.

दहा अंकी संख्या चार ओळींत सुटली. ३२ हा स्वतः २ चा घात आहे, त्यामुळे घातांक दर वेळी अर्धा होतो आणि सूत्र पुन्हा पुन्हा लागू पडतं. पण चकित व्हायला होतं ते वेगळ्या गोष्टीनं: दर पायरीला बेरजेचा जो अवयव गळून पडतो, तो इथे प्रत्येक वेळी मूळ निघतो. सूत्र अवयव देतं, ते मूळ असतील अशी हमी देत नाही.

या पाच संख्यांमध्ये खास काय आहे?

३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ यांना फर्मा मूळ संख्या म्हणतात. २ चा घात घ्यायचा, पण घातांकही २ चाच घात हवा (१, २, ४, ८, १६), आणि त्यात १ मिळवायचा. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६४० च्या सुमारास पत्रांतून असं मत मांडलं की या रीतीनं मिळणारी प्रत्येक संख्या मूळ असावी. सिद्धता आपल्याकडे नाही, हे त्यानं लपवलं नाही. पहिल्या पाचांपुरतं त्याचं म्हणणं बरोबर निघालं.

यातल्या ६५५३७ शी आपला संबंध रोजचा आहे. इंटरनेटवरचा मजकूर गुप्त ठेवणाऱ्या आरएसए कूटलेखनात, सर्वांना उघड असलेल्या सार्वजनिक किल्लीचा घातांक म्हणून बहुतेक ठिकाणी तीच वापरतात, कारण ती मूळ आहे आणि द्विमान रूपात तिच्यात फक्त दोन १ आहेत, त्यामुळे घात काढणं झटपट होतं.

सहाव्या पायरीला काय होतं?

सहावी संख्या २^३२ + १, म्हणजे ४२९४९६७२९७. आपल्या संख्येपासून फक्त दोन पावलांवर. ती मूळ नाही, हे लिओनार्ड ऑयलरनं १७३२ मध्ये दाखवून दिलं:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

ऑयलरनं सगळ्या मूळ संख्यांनी आंधळेपणानं भाग देऊन पाहिला नव्हता. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून मिळणाराच असला पाहिजे, हे त्याच्या पद्धतीतून निघतं. अशा मूळ संख्या आहेत १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या प्रयत्नात काम फत्ते. पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युकानं ही चाळणी आणखी बारीक केली: ६४ ऐवजी १२८ ची पट. मग उरतात २५७ आणि ६४१. आता पाहा, २५७ नं तर ४२९४९६७२९५ ला भाग जातो. त्यात दोन मिळवल्यावर २५७ नं पुन्हा भाग जाणं शक्यच नाही. म्हणजे तपासण्याजोगी पहिली संख्या थेट ६४१!

भागाकार न करताही ६४१ ची साक्ष काढता येते. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा. पहिल्यावरून, ६४१ नं भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१ शी जुळते. दोन्हींचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. म्हणून −२^३२ ची बाकी १, अर्थात २^३२ + १ ला ६४१ नं नि:शेष भाग जातो. ही सिद्धता मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तीन वेळा पुन्हा वाचली होती. अजूनही कुणाला गणिताची गोडी लावायची असेल तर मी हीच दाखवतो.

आजूबाजूच्या संख्याही अशाच आहेत का?

लागोपाठच्या चौघी पाहा.

४२९४९६७२९४ = २ × २१४७४८३६४७. यातला मोठा अवयव म्हणजे २^३१ − १. ही मर्सेन मूळ संख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या) आहे आणि तिचं मूळपण ऑयलरनंच १७७२ मध्ये सिद्ध केलं.
४२९४९६७२९५ मध्ये पाचही ज्ञात फर्मा मूळ संख्या.
४२९४९६७२९६ म्हणजे २^३२. नुसते दोन.
४२९४९६७२९७ म्हणजे फर्माचा अंदाज जिथे कोसळला ती जागा.

सलग चार संख्यांत संख्यांच्या गणिताचा इतका इतिहास दाटलेला मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

‘४२९४९६७२९५ बाजूंची आकृती कंपास आणि पट्टीनं काढता येते’ असं वाचलं. खरं आहे का?

तत्त्वतः अगदी खरं. आणि बाजूंची संख्या विषम असलेल्या, अशा रीतीनं काढता येतात हे माहीत असलेल्या सुसम बहुभुजांत ही सर्वांत मोठी आहे.

समभुज त्रिकोण आणि सुसम पंचकोन प्राचीन ग्रीकांना काढता येत होते. सात किंवा नऊ बाजूंचा कुणालाच जमत नव्हता, आणि का जमत नाही हेही दोन हजार वर्षं कळलं नव्हतं. १७९६ मध्ये कार्ल फ्रीडरिश गाउसनं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षात, सतरा बाजूंची आकृती काढता येते हे सिद्ध केलं. १८०१ च्या आपल्या ग्रंथात त्यानं सर्वसाधारण अट दिली. विषम बाजूंपुरती ती अशी: बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावी, कोणतीही दोनदा येऊ नये. ही अट पुरेशी तर आहेच, पण आवश्यकही आहे, याची सिद्धता पिएर वांट्झेलनं १८३७ मध्ये छापली. नऊ बाजूंचं का जमत नाही? कारण ९ मध्ये ३ दोनदा येतो.

पाच फर्मा मूळ संख्यांपैकी हव्या त्या निवडून गुणल्या की ३१ विषम संख्या मिळतात. पाचही घेतल्या की आपली संख्या. पूर्णविराम. (सम बाजूंना मर्यादा नाही, कारण कोन दुभागत जाऊन बाजू दुप्पट करता येतात.)

प्रत्यक्षात कुणी काढली आहे का, असंही विचारतात. २५७ बाजूंच्या आकृतीची रीत रिशेलोनं १८३२ मध्ये छापली. ६५५३७ साठी योहान हर्मेस यांनी दहा वर्षं खर्ची घातली आणि १८९४ मध्ये काम पुरं केलं. दोनशेहून अधिक पानांचं ते हस्तलिखित गॉटिंगेनला जपून ठेवलेलं आहे. ४२९४९६७२९५ बाजूंची आकृती मात्र कागदावर उतरणं शक्य नाही. कल्पना यावी म्हणून हिशेब करू: पृथ्वीच्या विषुववृत्ताएवढं वर्तुळ घेतलं तर एकेक बाजू सुमारे ९.३ मिलिमीटरची होईल. बाजूच्या मध्यापाशी वर्तुळ आणि बाजू यांच्यातलं अंतर अणूच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी राहील.

तिचे विभाजक किती? त्यांत काही रचना आहे का?

पाच वेगवेगळे मूळ अवयव, म्हणून विभाजक २^५ = ३२. चढत्या क्रमानं सुरुवात अशी: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७, ७७१, १२८५, ३८५५...

आता हेच द्विमान पद्धतीत एकाखाली एक लिहा:

१
११
१०१
११११
१०००१
११००११
१०१०१०१
११११११११

हा आकार ओळखीचा वाटला? पास्कलचा त्रिकोण घ्या: कडांना १, आणि आतली प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या डोक्यावरच्या दोघींची बेरीज. हलायुधानं दहाव्या शतकात पिंगलाच्या छंदःसूत्रांवरच्या टीकेत वर्णिलेला मेरुप्रस्तार तो हाच. त्यातल्या प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० मांडा. नेमक्या याच ओळी मिळतात. उदाहरणार्थ १, ५, १०, १०, ५, १ ही ओळ होते ११००११, म्हणजे ५१. पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे ४२९४९६७२९५ चे बत्तीस विभाजक, तेही चढत्या क्रमानं, आणि बत्तिसावी ओळ म्हणजे ती संख्या स्वतः.

कारण साधं आहे. फक्त सम-विषम एवढंच पाहायचं ठरवलं की (१ + क्ष) चा वर्ग १ + क्ष^२ होतो, कारण मधलं २क्ष सम असल्यानं नाहीसं होतं. पुन्हा वर्ग केला की १ + क्ष^४, मग १ + क्ष^८, १ + क्ष^१६. यांत क्ष च्या जागी २ ठेवा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. मेरुप्रस्ताराची प्रत्येक ओळ म्हणजे यांच्यातल्या काहींचा गुणाकार.

गाउसच्या बहुभुजांची यादी आणि छंदांची मोजदाद करणारा मेरू एकाच आकड्यावर येऊन मिळतात, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर वाटतं.

सर्व विभाजकांची बेरीज ७३०४६०३३२८ येते. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ३००९६३६०३३ उरतात, जे संख्येपेक्षा कमी आहेत. म्हणून ही न्यून संख्या आहे.

फाय फलनाच्या संदर्भात हिचं नाव का येतं?

एखाद्या संख्येपर्यंतच्या किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत (म्हणजे १ सोडून दोघींना सामाईक विभाजक नाही), हे ऑयलरचं फाय फलन मोजतं; त्यालाच टोशंट असंही म्हणतात. वेगवेगळ्या मूळ अवयवांच्या गुणाकारासाठी प्रत्येक अवयवातून १ वजा करायचा आणि गुणायचं. इथे ते होतं २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६ = २^३१ = २१४७४८३६४८. शेजारच्या २^३२ साठीही उत्तर तेच येतं, कारण तिथे सगळ्या विषम संख्या सहमूळ आणि त्या निम्म्या. म्हणजे दोन लागोपाठच्या संख्यांचं फाय समान. ही साखळी ३, १५, २५५, ६५५३५ आणि ४२९४९६७२९५ अशी चालते. पुढच्या २^६४ − १ ला ती तुटते, कारण तिथे ६४१ घुसतो आणि ६४० हा २ चा घात नाही.

आणखी एक गंमत. उत्तराचं पुन्हा फाय काढत जा: २^३१, २^३०, २^२९ असं करत १ पर्यंत. या सगळ्यांची बेरीज? बरोबर ४२९४९६७२९५. ज्या संख्यांबाबत असं घडतं त्यांना परिपूर्ण टोशंट संख्या म्हणतात.

ती वर्गांच्या बेरजेत मांडता येते का? त्रिकोणी संख्या आहे का?

दोन वर्गांची बेरीज नाही, तीन वर्गांचीही नाही, कारण ८ नं भागल्यावर बाकी ७ उरते. चार वर्ग मात्र कोणत्याही संख्येला पुरतात, हे लाग्रांजनं १७७० मध्ये सिद्ध केलं. एक मांडणी: ६५५३५^२ + ३६२^२ + ५^२ + १^२.

त्रिकोणीही, म्हणजे १ + २ + ३ + ... अशा बेरजेतून मिळणारीही, नाही. ती त्रिकोणी असती तर २^३५ − ७ हा पूर्ण वर्ग झाला असता. २ च्या घातातून ७ वजा केल्यावर पूर्ण वर्ग फक्त ३, ४, ५, ७ आणि १५ या घातांकांना मिळतो, असं श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ मध्ये प्रश्नाच्या रूपात मांडलं होतं. सिद्धता नॉर्वेच्या ट्रिग्वे नागेल यांनी १९४८ मध्ये दिली. पस्तीस त्या यादीत नाही.

१ भागिले ४२९४९६७२९५ केलं तर दशांश कधी पुन्हा येऊ लागतात?

अवयवांत ५ असल्यामुळे दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक आवर्तनाबाहेर राहतो. नंतर ६५५३६ अंकांचा गट अखंड फिरत राहतो. १७ चं आवर्तन १६ अंकी, २५७ चं २५६ अंकी आणि ६५५३७ चं ६५५३६ अंकी, म्हणजे प्रत्येकाचं जास्तीत जास्त शक्य तेवढं लांब. यांचा लसावि ६५५३६.

संगणकात ती वारंवार का दिसते?

बत्तीस बिटांत चिन्हाविना मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे म्हणून. तिच्यात १ मिळवला की सगळी घरं शून्य होतात आणि हातचा टाकायला जागा उरत नाही. तेच बत्तीस बिट चिन्हासह वाचले तर त्यांचा अर्थ −१ होतो. म्हणूनच एखाद्या प्रोग्रॅममध्ये अचानक ४२९४९६७२९५ दिसली, तर आधी शंका घ्यावी की कुठेतरी −१ चुकीच्या प्रकारात वाचला जातो आहे. या एका सवयीनं माझे कित्येक तास वाचले आहेत.

बाकीच्या ओळखीच्या जागा थोडक्यात. फॅट ३२ प्रकारच्या डिस्कवर एका फाइलचा कमाल आकार इतकेच बाइट, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. इंटरनेटच्या आयपी आवृत्ती ४ मधला २५५.२५५.२५५.२५५ हा शेवटचा पत्ता म्हणजे हीच संख्या चार तुकड्यांत लिहिलेली. या पत्त्यांचा जागतिक मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. मिलिसेकंद मोजणारा बत्तीस बिटांचा गणक ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो, आणि विंडोज ९५ व ९८ त्यापायीच सलग एवढे दिवस चालू ठेवले तर बंद पडत. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारा, चिन्हाविना चालणारा गणक जागतिक प्रमाण वेळेनुसार ७ फेब्रुवारी २१०६ रोजी ६ वाजून २८ मिनिटं १५ सेकंदांनी या आकड्याला पोचेल.

२०३८ सालचा प्रश्न तो हाच का?

नाही. तिथे एक बिट चिन्हासाठी जातो, म्हणून मर्यादा २१४७४८३६४७ आणि तारीख १९ जानेवारी २०३८.

कधी ४२९४९६७२९५ लिहायची आणि कधी ४२९४९६७२९६?

एकूण किती शक्यता, असं विचारलं तर ९६. सर्वांत मोठी किंमत कोणती, असं विचारलं तर ९५, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते.

एवढी संख्या डोळ्यांसमोर कशी आणायची?

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: पहिल्या घरात एक, पुढे प्रत्येक घरात दुप्पट. अर्धा पट भरला की एकूण दाणे होतात ४२९४९६७२९५. पुढच्या एकट्या तेहेतिसाव्या घरात त्याहून एक दाणा जास्त.

किंवा हनोईचा मनोरा घ्या: तीन खुंट्या, एकीवर लहान-मोठ्या चकत्यांची चळत, एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही, अशा रीतीनं सगळी चळत दुसऱ्या खुंटीवर न्यायची. ६४१ ची चाळणी बारीक करणाऱ्या त्याच ल्युकानं १८८३ मध्ये हे कोडं बाजारात आणलं. बत्तीस चकत्या हलवायला कमीत कमी इतक्याच खेळ्या लागतात. सेकंदाला एक खेळी, विश्रांती नाही, तरी १३६ वर्षं.

आणि ज्यांना छंदांची आवड आहे त्यांच्यासाठी: अनुष्टुभ श्लोकाचे चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं, एकूण बत्तीस. लघु-गुरूचे नियम बाजूला ठेवून प्रत्येक अक्षर दोन्हींपैकी काहीही असू द्यायचं ठरवलं, तर निदान एक तरी गुरू असलेल्या रचना नेमक्या ४२९४९६७२९५. चार गट, प्रत्येकात आठ: आयपी पत्त्याची मांडणीही अगदी अशीच.

सहावी फर्मा मूळ संख्या सापडली तर काय बदलेल?

बहुभुजाचा उच्चांक त्या क्षणी मोडेल. आपल्या संख्येला नव्या मूळ संख्येनं गुणलं की नवी सर्वांत मोठी विषम आकृती मिळेल. पण आतापर्यंत २^३२ + १ पासून पुढच्या सलग अठ्ठावीस फर्मा संख्या तपासून झाल्या आहेत आणि सगळ्या संयुक्त निघाल्या. त्यांतल्या दोघी संयुक्त आहेत हे पक्कं ठाऊक असूनही त्यांचा एकही अवयव हाती लागलेला नाही. पहिली अनिर्णित संख्या आहे २^(२^३३) + १. ती अडीच अब्जांहून अधिक अंकांची आहे. फर्मा संख्यांसाठी पेपँनं १८७७ मध्ये दिलेली कसोटी तिलाही लागू पडते, पण एवढ्या अंकांचे वर्ग आठ अब्जांहून जास्त वेळा करायचे तर आजची यंत्रं तोकडी पडतात. एखादा छोटा अवयव योगायोगानं सापडला तर गोष्ट वेगळी, आणि त्याचा शोध चालू आहे.